पेत्राईच्या खिंडीतला पहारा

"तो अजून उभा आहे!" भिंतीवरचा पहारेकरी ओरडला, तेव्हा मी माझे कापलेले केस चुलीत टाकत होते.

पेत्राईत नवरा गेला की बायकोनं केस कापायचे, अशी रीत होती. आदल्या संध्याकाळी गॉर्गस खिंडीतून परत आला होता. माझ्या नवऱ्याबरोबर, थेरोनबरोबर, खिंड अडवायला जी तुकडी गेली होती, तिच्यातला तेवढा एकच जण परत आला. उजवा हात मनगटापासून तुटलेला, तोंड रक्तानं आणि धुळीनं माखलेलं. माझ्या दारात येऊन तो म्हणाला, "वहिनी, थेरोन गेला. भाला गळ्यातून आरपार गेलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला." एवढं बोलून तो उंबऱ्यावरच कोसळला.

त्यामुळे पहारेकऱ्याची हाक ऐकून मी जागची हलले नाही. माझी सासू फिलिन्ना मात्र उठली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. तिनं माझं मनगट धरलं आणि मला ओढतच भिंतीकडं नेलं.

पेत्राई डोंगराच्या कुशीत होती आणि तिच्याकडं येणारी वाट एकच, उत्तरेच्या खिंडीतून. दोन्ही बाजूंना उभे कडे, आणि मधलं तोंड असं, की दहाबारा माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली तर भरून जाईल. त्या तोंडापाशी आमची माणसं पडली होती. त्यांच्यावर गिधाडं उतरत होती. आणि त्यांच्या अलीकडं, वाटेच्या मधोमध, थेरोन उभा होता. डाव्या हातात ढाल, उजव्या हातात तलवार. भाल्याचं मोडलेलं टोक त्याच्या मानेतून मागं आलेलं होतं. ते भिंतीवरून सुद्धा दिसत होतं.

"माझा पोर," फिलिन्ना म्हणाली. "मी सांगत नव्हते?"

तेवढ्यात पलीकडून आल्मोनचे लोक आले. आल्मोनच्या राजाला आमच्या बायकापोरांना साखळदंड घालून बाजारात उभं करायचं होतं, आणि एका मेलेल्या माणसाखेरीज त्याच्या वाटेत आता काही नव्हतं. ते मोठ्यानं गात आले. मग थेरोन हलला. त्या हालचालीत घाई नव्हती, रागही नव्हता. कोणी डाव्या कड्याला चिकटून घुसलं तर थेरोन तिथं असायचा, उजवीकडून घुसलं तर तिथंही तोच. त्याच्या अंगात भाले शिरत होते आणि तो ते ध्यानातही घेत नव्हता. थोड्याच वेळात गाणं थांबलं. मग ते लोक पाठ फिरवून पळाले. थेरोन पुन्हा मधोमध येऊन उभा राहिला.

 भिंतीवर कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळं गाव ओरडायला लागलं.

नगरसभेचा प्रमुख हेगियास दोन्ही हात वर करून म्हणाला, "देवांनी आपल्याला राखणदार दिला! ज्याला मरण नाही असा राखणदार!"

लोकांनी मला उचलून खांद्यावर घेतलं. मी डोकं भादरलेली, हाताला राखेचा वास येत असलेली बाई, आणि लोक माझ्या पायांना हात लावत होते.

*

आल्मोनचं सैन्य गेलं नाही. ते खिंडीच्या पलीकडं तळ ठोकून बसलं. त्यांनी बाण मारून पाहिले, जळते ओंडके कड्यावरून सोडून पाहिले. थेरोनचा झगा जळाला, दाढी जळाली. तो हलला नाही.

आणि गावाला सवय झाली. मला त्या दिवसांतलं हेच सगळ्यात जास्त आठवतं, की किती लवकर सवय झाली. बाजार भरायला लागला. लोक भिंतीबाहेरच्या शेतात जायला लागले. ऑलिव्हच्या झाडांखाली बसून जेवताना कोणी मान वर करून खिंडीकडं बघायचं आणि म्हणायचं, "आहे ना? आहे." आणि पुन्हा जेवायला लागायचं.

एकच गोष्ट सलत होती. आमची मेलेली माणसं थेरोनच्या पलीकडं पडली होती, आणि थेरोन कोणालाही पलीकडं जाऊ देत नव्हता. आमच्या माणसांनाही नाही. मोस्खस नावाचा म्हातारा कुंभार आपल्या दोन मुलांची प्रेतं आणायला गेला. थेरोननं त्याला ढालीनं असा ढकलला की तो वाटेवर गडगडत गेला आणि त्याच्या बरगड्या मोडल्या. ज्याला माती मिळत नाही तो पाताळाच्या नदीपलीकडं जाऊ शकत नाही, काठावरच भटकत राहतो, हे आमच्याकडं लहान मुलालाही माहीत असतं. त्या तुकडीतल्या माणसांच्या बायका रोज भिंतीवर येऊन बसायच्या आणि गिधाडांना दगड मारायच्या. दगड तिथवर पोचत नसत.

फिलिन्ना मात्र रोज सकाळी तेलाची सुरई आणि ओलं फडकं घेऊन खिंडीत जायची. थेरोन तिला काही करत नसे, कारण ती पलीकडं जायला बघतच नव्हती. ती त्याच्या मागं उभी राहून त्याची पाठ पुसायची, उरलेल्या केसांना तेल लावायची आणि परत यायची. परतताना तिचा चेहरा उजळलेला असायचा.

"तो माझ्याशी बोलतो," ती मला म्हणाली. "ओठ हलतात त्याचे. मला ऐकू कमी येतं म्हणून, नाहीतर सगळं सांगितलं असतं तुला. 'आई' म्हणतो."

"आई, तो गेलाय."

"तू एकदा तरी गेलीस का त्याच्याजवळ? बायको ना तू त्याची?"

मी गेले नव्हते. मला भीती वाटत होती. त्याची नव्हे, तो मला ओळखेल की नाही याची. पण तिनं असं विचारल्यावर मला राहवेना. दुसऱ्या सकाळी मी तिच्याबरोबर गेले.

जवळून पाहिलं तेव्हा मला कळलं की भिंतीवरून आम्ही काहीच पाहिलं नव्हतं. त्याच्या जखमा उघड्या होत्या आणि कोरड्या होत्या. कातडीचा रंग शिसं असावं तसा. डोळे उघडे, आणि बुबुळांवर धूळ बसलेली. फिलिन्नानं फडक्याच्या टोकानं ती धूळ पुसली. मुलाच्या डोळ्यातलं काजळ पुसावं तितक्या हलक्या हातानं. मग ती मागं सरकली आणि मला खुणेनं म्हणाली, बघ, आता बोलेल.

त्याचे ओठ हलले. गळ्यात भाला अडकलेला असल्यामुळे आवाज फुटत नव्हता, नुसता वारा येत होता. मी चवड्यांवर उभी राहून माझा कान त्याच्या तोंडाला लावला. त्याचे ओठ थंड होते.

"आले का?" तो म्हणाला.

मी कान तसाच लावून ठेवला.

"आले का?"

"काय म्हणाला?" फिलिन्ना उत्सुकतेनं म्हणाली. "आई म्हणाला ना?"

 उतारावरून धावत मी गावात आले.

*

गॉर्गस त्याच्या बहिणीकडं पडून होता. ताप उतरला होता. हाताच्या जागी कापडाचं बोचकं बांधलेलं. मला बघून त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"गॉर्गस भाऊजी, तो विचारतोय, आले का. कोण यायचं होतं?"

त्यानं हळूहळू तोंड माझ्याकडं वळवलं. मग म्हणाला, "वहिनी, तुम्हाला खिंडीजवळचा काळा झरा माहीत आहे ना?"

माहीत होता. त्या पाण्याला जनावरंही तोंड लावत नसत. पाताळातली स्टिक्स नदी तिथं जमिनीवर येते, असं आमचे वाडवडील सांगत. त्या पाण्याची शपथ खुद्द देवांनाही मोडता येत नाही.

"आम्ही पोचलो तेव्हा आल्मोनची धूळ दिसायला लागली होती," गॉर्गस म्हणाला. "पोरं घाबरली. दोनतीन जण मागं सरकायला लागले. तेव्हा थेरोननं शिरस्त्राणात ते पाणी घेतलं आणि सगळ्यांसमोर प्याला. म्हणाला, 'स्टिक्सची शपथ. पेत्राईची माणसं येऊन या कड्यापासून त्या कड्यापर्यंत रांग धरत नाहीत आणि माझी जागा घेत नाहीत, तोवर मी ही जागा सोडणार नाही.' ते ऐकून पोरं थांबली. आम्हाला वाटलं, दुपारपर्यंतचाच प्रश्न आहे. दुसरी तुकडी येणारच होती."

"दुसरी तुकडी?"

"हेगियासनं शब्द दिला होता. तुम्ही पुढं व्हा, दुसरी तुकडी मागोमाग पाठवतो. दुपार झाली, कोणी आलं नाही. थेरोननं मला बोलवायला पाठवलं. मी वळलो तेवढ्यात माझा हात गेला, आणि मागं पाहिलं तर त्याच्या गळ्यात भाला. तसाच दरवाज्याशी आलो. दरवाजा बंद. आतून अडसर लावलेला. मी डोकं आपटलं वहिनी, त्या दरवाज्यावर. दुसरी तुकडी आत उभी होती, ढाली घेऊन. मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. संध्याकाळी सगळं शांत झाल्यावर मला आत घेतलं."

"हे तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं. हेगियास इथं येऊन बसला होता, तिथंच, तुम्ही बसलाय तिथं. म्हणाला, आता राखणदार मिळालाय, जुनं उकरू नकोस."

*

हेगियास सभागृहात होता. त्याचा मुलगा निकॉन त्याच्या मागं उभा होता. दुसऱ्या तुकडीचा नायक तोच होता. विशीतला, पाठीचा ताठ, आणि मी आत आल्यापासून जमिनीकडं बघणारा.

मी सांगितलं ते हेगियासनं शांतपणे ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. दुष्काळात त्यानं स्वतःची कोठारं उघडलेली मी पाहिली होती.

"खरं आहे," तो म्हणाला. "मी अडसर लावला. पहिली तुकडी मोडत होती, भिंतीवरून दिसत होतं. दुसरीही गमावली असती तर गावात म्हातारे आणि पोरं उरली असती."

"आणि तुमचा मुलगा."

"हो," तो म्हणाला. "आणि माझा मुलगा."

"आता तरी पाठवा. रांग धरायची आहे फक्त. तो मोकळा होईल. बाकीच्यांना माती मिळेल."

"आणि तो पडला, की आल्मोन आमच्यावर येईल. मिर्तो, पोरी, विचार कर. तो मेलाय. मेलेल्याला काही दुखत नाही. एका मेलेल्या माणसासाठी मी जिवंत माणसं मरायला पाठवू?"

"दुखत नसेल तर मग विचारतंय कोण?"

 तो उठला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "घरी जा. गाव तुला देवीसारखं ठेवेल."

मी त्याचा हात बाजूला केला. बाहेर पडताना मला निकॉनचा चेहरा दिसला. त्याचे डोळे भरले होते, पण तो जागचा हलला नाही.

घरी आल्यावर मी फिलिन्नाला सगळं सांगितलं, ती वाचेल अशा रीतीनं ओठ हळूहळू हलवत. ती ऐकत होती आणि तिच्या हातातली सूत कातायची चाती फिरत होती. मी थांबले तशी चातीही थांबली.

"तू त्याला मारायला निघालीस," ती म्हणाली.

"आई, तो तिथं उभा राहून वाट बघतोय. जगबुडीपर्यंत बघत राहील."

"राहू दे. मला रोज दिसतो. तू मातीखाली घातलास की मला काय दिसेल?" ती ओरडली. "तू दुसरा नवरा करशील. मी दुसरा मुलगा कुठून आणू?"

मी तिच्याशी भांडले नाही. भिंतीवरून थेरोनची जुनी ढाल काढली. सरावाची, कड फुटलेली. ती हातात घातली आणि चौकात गेले.

*

बायका आमच्याकडं चौकात बोलत नसत. म्हणून मी तोंड उघडताच सगळे वळून बघायला लागले. मला भाषण येत नव्हतं. गॉर्गसनं सांगितलं तेवढंच मी सांगितलं, अडसरासकट. मग म्हणाले, "मी खिंडीत चाललेय. रांग धरायला माणसं हवीत."

पुरुष एकमेकांकडं बघायला लागले. कोणी म्हणालं, बिचारीचं डोकं फिरलंय. कोणी म्हणालं, देवांनी दिलेलं परत करायचं नसतं. मी वाट बघितली. मग त्या रोज भिंतीवर बसणाऱ्या बायकांपैकी एक पुढं आली. तिनं विचारलं, "तो मोकळा झाला की आम्हाला पलीकडं जाता येईल?"

"येईल."

ती घरी गेली आणि नवऱ्याचा शिकारीचा भाला घेऊन आली. तिच्यामागून दुसरी आली. कोणी लोखंडी सळई आणली, कोणी धान्य पाखडायचा काटा. बरगड्या बांधलेला मोस्खस कुंभार आला. गॉर्गस आला. त्यानं डाव्या हातात ढाल अडकवली होती आणि चेहरा पांढरा पडला होता. "मला मारता येणार नाही," तो म्हणाला. "उभं राहता येईल."

आम्ही दरवाज्यातून बाहेर पडलो. पहारेकऱ्यांनी आम्हाला अडवलं नाही. आमच्या मागं त्यांनी अडसर लावला, तो आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

ऊन चांगलं वर आलं होतं. खिंडीत वास असह्य होता. आम्ही थेरोनच्या मागं ओळीत उभे राहिलो, एका कड्यापासून सुरुवात करून, खांद्याला खांदा लावून. पलीकडं आल्मोनच्या तळातली माणसं उभी राहून आमच्याकडं बघत होती. काही हसत होती.

मी थेरोनच्या शेजारी गेले. त्याचे ओठ हलले.

"आले का?"

"आलो," मी म्हणाले. "पेत्राईची माणसं आली, थेरोन. जागा सोड."

पहिल्यांदाच त्यानं मान वळवली. मोडलेलं हाड वाजलं. ते धुळकटलेले डोळे त्यानं उजव्या कड्यापासून फिरवायला सुरुवात केली, एकेका माणसावरून, नायक आपली रांग तपासतो तसे. माझ्यावरूनही ते गेले आणि थांबले नाहीत. डाव्या टोकाला पोचले. मग त्यानं मान पुन्हा समोर केली.

"आले का?" तो म्हणाला.

"रांग पुरी नाही," गॉर्गस हळूच म्हणाला. "वहिनी, डाव्या कड्याशी एक माणूस कमी पडतोय."

आम्ही सरकून पाहिलं. सरकलं की मध्ये फट पडायची. मी वळून भिंतीकडं ओरडले, "एक माणूस! एकच माणूस हवा आहे!" भिंतीवर डोकीच डोकी होती. हेगियासचा पांढरा झगा मला ओळखू आला. दरवाजा बंदच राहिला.

पलीकडं शिंग वाजलं. आल्मोनचे लोक ढाली उचलायला लागले होते. बायकांपैकी एकजण रडायला लागली.

तेव्हा मला वाटेवर फिलिन्ना दिसली. ती आमच्या आधीच घरातून निघून झऱ्याजवळच्या दगडावर बसून राहिली असावी. रोजच्यासारखीच सुरई आणि फडकं घेऊन. ती उठली आणि आली. थेट थेरोनजवळ आली. त्याच्या डोळ्यांवरची धूळ पुसली, केसांना तेल लावलं. कोणी तिला घाई केली नाही. शिंग दुसऱ्यांदा वाजलं.

"तो आई म्हणत नव्हता ना?" ती मला म्हणाली.

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मला माहीत होतं. एवढ्या लहानपणापासून बघतेय, 'आई' म्हणताना त्याचं तोंड कसं होतं ते मला माहीत नाही का?"

तिनं सुरई खाली ठेवली. वाटेवरचा एक मोठा दगड दोन्ही हातांनी छातीशी उचलला, डाव्या कड्यापाशी गेली आणि त्या रिकाम्या जागेत उभी राहिली. तिचा एक खांदा कड्याला टेकला, दुसरा मोस्खसला.

थेरोनच्या हातातली तलवार खाली झाली.

"आले," तो म्हणाला.

आणि इतके दिवस थांबून राहिलेलं सगळं रक्त एकदम वाहायला लागलं. गळ्यातून, छातीतून, पायांतून. तो गुडघ्यांवर आला आणि माझ्या अंगावर पडला. मी त्याला कडेला घेऊन निजवलं. तेवढ्यालाच वेळ होता. मग मी त्याच्या जागी उभी राहिले.

*

त्या लढाईबद्दल मला पुढं खूप जणांनी विचारलं. सांगण्यासारखं थोडंच आहे. ढालीवर पहिला धक्का बसला तेव्हा माझा खांदा निखळला असं वाटलं. समोरच्या माणसाच्या दातात काहीतरी हिरवं अडकलेलं मला दिसत होतं, इतका तो जवळ होता. मागं हटायचं नाही एवढंच माझ्या डोक्यात होतं. माझ्या मांडीत भाला शिरला ते मला नंतर कळलं.

मोस्खस आधी पडला. फिलिन्नानं आपला दगड त्याला मारणाऱ्याच्या डोक्यात घातला, आणि मग तिच्या हातात काही उरलं नाही. ती तशीच हात पसरून उभी राहिली, कड्याला पाठ लावून. दोन भाले लागेपर्यंत उभी होती. गॉर्गस माझ्या उजवीकडं होता. त्याची ढाल माझ्यावर होती, स्वतःवर नाही. तो पडला तेव्हा मला त्या बाजूनं एकदम उजेड दिसला.

रांगेला भोकं पडली होती. आता संपलं असं मला वाटलं, आणि त्याच वेळी मागून दरवाज्याच्या बिजागऱ्यांचा आवाज आला.

निकॉननं अडसर काढला होता. बाप त्याला आडवा आला, तेव्हा त्यानं बापाला बाजूला ढकललं, असं मला पुढं कळलं. दुसरी तुकडी चढ चढून धावत आली, आणि तिच्यामागून लोहार, मेंढपाळ, बाजारातली माणसं, हाताला लागेल ते घेऊन. आल्मोनचे निम्मे लोक कापणीसाठी घरी गेले होते. जे उरले होते त्यांना इतकी माणसं दिसतील असं वाटलं नव्हतं. ऊन कलेपर्यंत लढाई चालली. मग ते मोडले.

निकॉन खिंडीच्या पलीकडच्या तोंडाशी मरून पडलेला सापडला. तो सगळ्यांच्या पुढं गेला होता.

बायका आपापली माणसं शोधत फिरल्या. चेहरे उरले नव्हते. कोणी पट्ट्यावरून ओळखलं, कोणी जुन्या मोडलेल्या दातावरून. आम्ही सगळ्यांना खिंडीच्या अलीकडं आणलं आणि माती दिली. थेरोनच्या शेजारी फिलिन्नाला ठेवलं, तिच्या शेजारी गॉर्गसला. थेरोनच्या गळ्यातलं टोक मी स्वतः काढलं. त्याचे डोळे मिटले. आता ते मिटलेलेच राहिले.

मी अजून हात धूत होते, तेवढ्यात सभेतले दोन म्हातारे एका वाटीत काळं पाणी घेऊन माझ्यापुढं आले.

"आल्मोन पुन्हा येईल," एक म्हणाला. "थेरोनची बायको तू. गावासाठी एवढं कर. तू घे शपथ."

मी वाटी त्याच्या हातातून घेतली आणि पाणी मातीत ओतलं. वाटी त्याला परत दिली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिंडीतच होते. मांडी बांधलेली होती आणि मला चालता येत नव्हतं, म्हणून भाल्याला टेकून उभी होते. आम्ही थोडेच जण होतो. तेवढ्यात गावाकडून एक माणूस एकटाच चढून येताना दिसला. चालताना ढालीच्या वजनानं तो एका बाजूला झुकत होता. जवळ आल्यावर ओळखलं, हेगियास. एका रात्रीत तो वाकला होता. डोक्यावरचे केस त्यानं कापले होते, स्वतःच्या हातानं, वेडेवाकडे. हातात होती ती ढाल निकॉनची होती. तिच्यावरचं रक्त त्यानं पुसलं नव्हतं.

त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं नाही.

"कुठं उभा राहू?" त्यानं विचारलं.

मी त्याला डाव्या कड्याची जागा दाखवली. तो तिथं गेला आणि ढाल समोर धरून उत्तरेकडं तोंड करून उभा राहिला.  बऱ्याच वेळानं, मान न वळवता, त्यानं विचारलं, "किती वेळ?"

"दुसरा येईपर्यंत," मी म्हणाले.

दुपार झाली. ऊन कड्यांवरून खाली सरकलं. हेगियास मधून मधून मागं, गावाच्या दरवाज्याकडं बघत होता.  मीही बघत होते.

मग दरवाजा उघडला, आणि लोहार आपली ढाल घेऊन वाटेला लागला.